पाचव्या गाण्याचं शेवटचं कडवं

३ सप्टेंबर

सव्विसावी वेळ! मोजते आहे, कारण मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. बारा दिवसांत एकच तबकडी सव्वीस वेळा. आठ गाणी, सदतीस मिनिटं. ताई म्हणाली, "प्राध्यापकीणबाई, सुई अडकली आहे. प्लेअरची नव्हे, तुमची."

तबकडी भाचीने आणली. भाची म्हणजे ताईची मुलगी. लिफ्ट दुरुस्त करते आणि बोलतेही तशीच – तळमजल्यावरून थेट आठव्यावर. लहान घरात राहायला गेली आणि न मावणारा पसारा आमच्याकडे टाकून गेली. "मावशी, तुझ्या त्या जुन्या प्लेअरला उपाशी नको ठेवूस." जाझ गाणाऱ्या एका बाईंचा चाळीस वर्षांपूर्वीचा अल्बम. वेष्टनावर बाई पाठमोऱ्या. चेहरा नाहीच, नावही अगदी बारीक अक्षरात.

जाझ मी कधी ऐकलं नव्हतं. गाण्यांची भाषा मला निम्मीच कळते. आणि तरी! तीस वर्षं मी रुग्णालयात लोकांचे कान तपासते आहे. प्लास्टरचा कान तीन भागांत उघडून दाखवते – हा पडदा, ही तीन हाडं, हा शंख, आणि शंखात या केसांसारख्या पेशी, वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतासारख्या. समोरचा माणूस 'कळलं, कळलं' म्हणेपर्यंत, आणि खरं तर त्यानंतरही, समजावत राहते. आवाज कानात कसा शिरतो ते मी झोपेतही सांगेन. हा आवाज माझ्यात कुठून शिरला, ते मात्र सांगता येत नाही.

५ सप्टेंबर

एकोणतीस.

६ सप्टेंबर

जरा पद्धतशीर मांडणी करू, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

पहिलं निरीक्षण. ती ठेक्यावर येत नाही. ठेका येऊन उभा राहतो आणि ती मागून येते. उशीर झालेला माणूस धापा टाकत येतो तशी नव्हे. आपल्यासाठी कुणीतरी दार उघडं धरून ठेवलं असणार, याची खात्री असलेला माणूस येतो तशी. आज स्टॉपवॉच घेऊन बसले. जमेना – बटण दाबायला माझ्या अंगठ्यालाच वेळ लागतो, तो तिच्या खात्यावर कसा टाकणार? मग वहीत प्रत्येक ओळीसमोर शेरे मारले: 'थोडी उशिरा', 'बरीच उशिरा', 'आता येत नाही वाटतं'. चौथ्या गाण्यात तिसऱ्या प्रकारचे शेरे पाच. पाचही वेळा जीव टांगणीला लागला. पाचही वेळा मला ठाऊक होतं की ती येणार!

दुसरं निरीक्षण. आवाज गोड नाही. वर चढताना एका जागी किंचित फाटतो, आणि ती ते लपवत नाही.

तिसरं निरीक्षण लिहायला घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली. पंचावन्न वर्षांच्या बाईने स्वतःच्या वहीतसुद्धा असलं काही लिहू नये.

९ सप्टेंबर

सगळं गुपित पाचव्या गाण्यात आहे, अशा निष्कर्षाला आले आहे.

पहिल्या दोन कडव्यांत साथीला पियानो, मोठं तंतुवाद्य आणि ड्रम. दुसरं कडवं संपतं. पियानो थांबतो. तंतुवाद्य थांबतं. आणि शेवटचं कडवं ती एकटी गाते. संपूर्ण एकटी! कशाचाही आधार नाही. पाहुणे निघून गेल्यावर एखादी बाई घरभर फिरून एकेक दिवा मालवते आणि स्वतःशी बोलते, तसं. एक मिनिट चाळीस सेकंद. शेवटी आवाजही थांबतो आणि काही क्षण नुसती शांतता. तिचीच शांतता. मी श्वास रोखून बसते. माझा श्वास मधे नको.

आमच्या खात्यात एक आवाजबंद खोली आहे. जाड दार, भिंतींना फोम. रुग्णाला आत बसवलं की बहुतेकजण बिचकतात. मला ती खोली आवडते. पाचव्या गाण्याचं शेवटचं कडवं त्या खोलीसारखं आहे. फरक एवढाच की त्यात मी एकटी नसते.

हे काय लिहिलं? असो. खोडत नाही.

१३ सप्टेंबर

वेष्टनाच्या पाठीवरचा मजकूर आज शब्दकोश घेऊन नीट वाचला. चूक सापडली! पाचव्या गाण्याबद्दल लिहिलंय की 'शेवटच्या कडव्यात बाकी वाद्ये विसावतात आणि ड्रमवादक केवळ ब्रशने गायिकेला साथ करतो. तो भाग कान देऊन ऐकावा.' कान देऊन ऐकला. सत्तेचाळीस वेळा ऐकला. तिथे ड्रमवादक नाही. ब्रश नाही. काही म्हणजे काही नाही!

छापील चुका मला सहन होत नाहीत. शब्दकोशाच्याच मदतीने कंपनीच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. अडीच पानं झालं. सुरुवातीलाच स्पष्ट केलं – 'ड्रमवादक त्या कडव्यात वाजवीत नाही, हे मी खात्रीपूर्वक सांगते. माझा व्यवसायच ऐकण्याचा आहे.' मग जरा सविस्तर समजावलं की वाक्य का बदलावं: तिचं एकटं असणं हाच त्या कडव्याचा प्राण आहे, आणि तुम्ही वाचणाऱ्याला आधीच सांगता की सोबत कुणीतरी आहे. हा तिच्यावर अन्याय आहे.

ताई म्हणाली, "अगं, कंपनी तरी उरली असेल का? चाळीस वर्षं झाली." तिकीट लावून टाकलं पेटीत.

१७ सप्टेंबर

कामाचं लिहायचं राहूनच जातं हल्ली. वहीची पानं त्या बाईंनी बळकावली आहेत.

आज एक सुतार आले होते. साठीचे, मोठे पंजे, बोलणं कमी. सोबत बायको – तिच्याकडे दोघांच्या वाटणीचं बोलणं. "यांना माझं ऐकू येत नाही मॅडम. टीव्हीवरची मॅच बरोबर ऐकू येते." सुतार म्हणाले, "आवाज येतो हो. पण शब्द असे… भिजल्यासारखे. कडा राहत नाहीत."

नेहमीच्या क्रमाने तपासलं. आवाजबंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक सूर ऐकू आला की दाबायचं. खालचे सूर उत्तम. वरचेही उत्तम. आलेख सरळ रेषेत! मी त्यांना समजावलं की कान ठणठणीत आहेत. ऐकणं निम्मं कानाचं असतं आणि निम्मं लक्षाचं. लक्ष देऊन ऐकत चला. बायको जिंकल्यासारखी म्हणाली, "बघा! ऐकायचंच नसतं!" सुतारांनी हातातलं बटण हळूच टेबलावर ठेवलं, आणि जाताना आवाजबंद खोलीच्या दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं.

मोठे डॉक्टर दुपारी आलेख चाळत म्हणाले, "बाई, हल्ली गावातले सगळे कान सुधारलेत की काय? तुमच्याकडून कुणी बहिरं येतच नाही." हसले. मीही हसले. त्यांना सांगितलं की जूनमध्ये तपासणीचं यंत्र नीट लावून घेतलं, त्याचा हा परिणाम असावा. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून एकेक सूर ऐकते; आमच्या धंद्याची ही रीतच आहे. जूनमध्ये वरचे सूर मंद वाटायला लागले. यंत्रवाला आला, त्याचा मीटर लावला, म्हणाला, "माझ्याकडे बरोबर दाखवतंय बाई." मी म्हटलं, तुझा मीटर दोन वर्षांचा आहे, माझा कान तीस वर्षांचा. त्याने खांदे उडवले. तो गेल्यावर मीच यंत्रात दुरुस्तीचा आकडा घातला – वरचे सूर वीस डेसिबलनी मोठे. तेव्हापासून झकास.

संध्याकाळी पाचवं गाणं दोनदा.

२१ सप्टेंबर

ताईला शेवटी धरून बसवलं. "हे बघ, पहिल्या दोन कडव्यांकडे लक्ष देऊ नकोस. नाही, दे, पण तिसरं येईल तेव्हा बोलू नकोस. आणि शेवटची शांतताही ऐक." ती म्हणाली, "सूचना संपल्या असतील तर गाणं लावा."

लावलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ताईने डोळे मिटले. शेवटचं कडवं. संपलं.

"छान गाते," ताई म्हणाली. "पण मागे सारखं घासतंय काय?"

"कुठे घासतंय?"

"शेवटी. ती गाते तेव्हा. कुणीतरी अंगण झाडतंय तसं."

मी सुई पुसली, तबकडी पुसली, पुन्हा लावलं. ताई बोटाने हवेत झाडू मारत होती – एका लयीत! "हे काय. हे. हे. ऐक की."

काहीही नव्हतं.

मन खट्टू झालं, आणि मग भीती वाटली. ताई अडुसष्ट वर्षांची आहे. नसलेला आवाज ऐकू येणं हे म्हाताऱ्या कानाचं लक्षण असतं. मीच रोज दहाजणांना सांगते. आपली माणसं आपण तपासतच नाही.

२४ सप्टेंबर

ताईला रुग्णालयात नेलं. तिची आधीच कुरकुर. "घासतंय म्हटलं तर थेट दवाखान्यात? उद्यापासून तुझ्या बाईंची नुसती स्तुती करेन."

ताईचे कान अठरा वर्षांच्या मुलीसारखे आहेत! वरच्या सुरांतही. माझ्या तीस वर्षांत असा आलेख या वयात पाहिला नाही. पुन्हा तपासलं. तोच. ताई तोऱ्यात. परतताना वाटेत भेटेल त्याला सांगत होती.

मला आनंद व्हायला हवा. झालाच. पण मग घासतंय काय?

२ ऑक्टोबर

सुतार पुन्हा आले. एकटेच. तपासणीची चिठ्ठी नव्हती. नुसते बाकावर बसून राहिले होते, मी मोकळी होण्याची वाट पाहत.

"मॅडम, मी लक्ष देतो. शप्पथ. तिच्या तोंडाकडे बघत बसतो, तर म्हणते टक लावून काय बघता. आता ती बोलायचीच थांबली आहे. 'ऐकायचंच नाही तर सांगू कशाला' म्हणते. जेवायचं ताट ठेवते आणि आत जाते. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं." मग म्हणाले, "कान चांगले आहेत म्हणता. म्हणजे डोक्यात काही झालं असेल का?"

मी त्यांना प्लास्टरचा कान दाखवला. पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी तो कान हातात घेतला, तिन्ही भाग उघडले, मिटवले. "काम बारीक आहे," म्हणाले. आणि गेले.

चुकतंय. काहीतरी चुकतंय, आणि ते मला धरता येत नाही.

५ ऑक्टोबर

भाची आली होती. ताईने आल्या आल्या तक्रार नोंदवली. भाचीने गाणं ऐकलं आणि हसली. "आई बरोबर सांगते. ब्रश आहेत ते. मावशी, ड्रमवर काठीऐवजी तारांचे ब्रश फिरवतात. शेवटचं अख्खं कडवं आहे की! या तबकडीत माझं आवडतं तेच."

मी म्हटलं, नाही.

"अगं, आहे."

"नाही! मी साठ वेळा ऐकलंय. ती एकटी आहे तिथे."

भाचीने टेबलावरचं वर्तमानपत्र पुढ्यात ओढलं आणि त्यावर तळहात गोल गोल फिरवला. "हे बघ. असा आवाज. अगदी हाच."

"हां! हेच," ताई म्हणाली. "हेच घासतंय."

मी भाचीच्या हाताकडे पाहत होते. हात फिरत होता. माझ्यापासून दोन फुटांवर. कागदाला सुरकुती पडत होती, सुटत होती. तळहात जोर लावून फिरत होता.

आणि आवाज जवळजवळ नव्हताच. शेजारच्या घरातून यावा इतका अंधूक. हात थांबला, तेव्हा काय थांबलं ते मला कळलंच नाही.

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "हं. असेल." आणि उठून चहाचं बघायला गेले. मागून ताई म्हणाली, "अगं, किटली केव्हाची शिट्टी वाजवते आहे."

६ ऑक्टोबर

वीस डेसिबल.

७ ऑक्टोबर

शेजारच्या खोलीत माझी सहकारी बसते. उशिरा बोलायला लागलेल्यांना आणि तोतरं बोलणाऱ्यांना बोलणं शिकवते. तपासणीही तिला येते. जेवणाच्या सुट्टीत तिला म्हटलं, "एक काम कर. यंत्रातली दुरुस्ती काढून शून्य कर. आणि मला तपास." तिने डबा झाकला आणि उठली.

तीस वर्षांत पहिल्यांदा आवाजबंद खोलीत मी त्या बाजूला बसले. खुर्ची गार असते. काचेपलीकडच्या बाईचे ओठ हलतात आणि आपण हातात बटण धरून वाट पाहतो. खूप वाट पाहिली. वाटलं, तिने अजून सुरूच केलं नाही. केलं होतं.

आलेख हातात घेतला. खालचे सूर सरळ चालत येतात आणि वर गेल्यावर जिन्यावरून घसरल्यासारखे खाली. दोन्ही कान. स, श, फ, थ – शब्दांच्या कडा. 'भिजल्यासारखे शब्द. कडा राहत नाहीत.' त्या माणसाने मला अचूक निदान सांगितलं होतं! मी त्याला लक्ष द्यायला सांगितलं.

आता शांतपणे मांडते. जूनमध्ये यंत्र बिघडलं नव्हतं. माझे कान मंदावले होते. मी यंत्र माझ्या कानांना जुळवलं. म्हणजे अठरा जूनपासून प्रत्येक रुग्णाला वरचे सूर वीस डेसिबल मोठे ऐकवले आणि आलेखावर मात्र बारीक लिहिले. ज्यांना कमी ऐकू येत होतं त्यांना सांगितलं, तुमचे कान ठणठणीत. ताईचे कान अठरा वर्षांचे नाहीत. अडुसष्टच्या मानाने बरे आहेत, एवढंच. गावातले कान सुधारले नव्हते.

नोंदवहीत मोजलं. दोनशे चौदा माणसं.

८ ऑक्टोबर

दुरुस्तीचा आकडा आता शून्य आहे. कुणाला काही कळायचं कारण नाही. सहकारी बोलणार नाही. वर्षअखेरीस नेहमीप्रमाणे काहीजण पुन्हा तपासायला येतील, तेव्हा त्यांचे आलेख उतरलेले दिसतील. वयोमान, म्हणता येईल.

हे मी लिहिलं आहे. माझंच अक्षर आहे.

९ ऑक्टोबर

तबकडी लावली नाही.

१० ऑक्टोबर

लावली. मुद्दाम. शेवटचं कडवं पुन्हा तसंच – ती एकटी, दिवे मालवत फिरणारी. मला ठाऊक आहे की सोबत कुणीतरी आहे, आणि तरी ऐकू येतं ते एकटेपणच. मग माझा जीव जडला तो कशावर? तिने जे गायलं त्यावर, की माझ्या कानात जे मेलं त्यावर? ज्या बाईची मी एवढी पारायणं केली, ती माझ्या बहिरेपणाने रचली असेल तर…

ताई दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिला सगळं सांगितलं. प्लास्टरचा कान नाही, आकृती नाही, नुसतं सांगितलं. ती म्हणाली, "चार महिने मी दोनदोनदा बोलते आहे तुझ्याशी. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

सुताराची बायको आणि ताई. दोन घरं. बाकी दोनशे बारा घरांत काय चाललं असेल?

१२ ऑक्टोबर

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. उभ्यानेच. ते पाणी प्यायले.

"किती?"

"दोनशे चौदा, सर."

"आणि हे तुम्हाला कळलं कसं?"

"एका गाण्यामुळे." मग ते गाणं समजावणं भाग होतं. ठेका, ती उशिरा कशी येते, मग पाचवं गाणं, ब्रश… "बाई," ते म्हणाले, "मुद्द्यावर या." मी म्हटलं, सर, हाच मुद्दा आहे.

चौकशी बसेल. तोवर तपासणी सहकारी करेल. दोनशे चौदाजणांना परत बोलवायचं. "मी आजच फोन करायला घेते," मी म्हटलं. ते फार हळू, ओठ नीट हलवत म्हणाले, "फोन नको. तुम्ही पत्रं लिहा."

ते माझ्याशी पहिल्यांदाच असं बोलले. मी रुग्णांशी बोलते तसं.

१९ ऑक्टोबर

एकेचाळीस पत्रं. प्रत्येकात एकच वाक्य अवघड जातं: 'चूक आपल्या कानांची नसून तपासणाऱ्या व्यक्तीची होती.' सगळी हातानेच लिहिते आहे.

२६ ऑक्टोबर

सुतार आणि त्यांची बायको आले. सहकारीने तपासलं, मी बाजूला. आलेख उतरत गेला. मी माझा आलेख ड्रॉवरमधून काढून त्यांच्या आलेखाशेजारी ठेवला. जवळजवळ एकच रेष. "हा तुमचा," मी म्हटलं. "हा माझा. मला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुम्हाला येत नाही हे मला दिसलं नाही. तुम्ही बरोबर सांगत होतात. मी चुकले."

सुतारांनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. "म्हणजे डोकं ठीक आहे ना, मॅडम?"

"अगदी ठीक."

बायकोने वाकून दोन्ही रेषा पाहिल्या. मग तिने त्यांच्या दंडावर चापट मारली. "सांगायचं नाही का!"

"सांगतच होतो," सुतार म्हणाले.

तिने तोंड फिरवलं. पदराने डोळे पुसले आणि मग मोठ्याने, अगदी खोलीबाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "घरी चला. महिनाभराचं सांगायचं राहिलंय." ते हसले. मला म्हणाले, "हे ऐकू आलं बघा."

दार लावताना बिजागरी दाखवून गेले. "ही करकरते. तुम्हाला कळत नसेल. तेल घाला."

४ नोव्हेंबर

कानात यंत्र बसवलं. माझंच सामान, माझ्याच ड्रॉवरमधलं. शेकडो लोकांना बसवताना सांगितलं असेल – सुरुवातीला सगळं खरखरीत वाटेल, सवय होईल. खोटं नव्हतं ते, पण किती अपुरं! नळ ओरडतो. कागद किंचाळतो. माझ्या स्वतःच्या चपला माझा पाठलाग करतात. ताईच्या बोलण्याला शेवटी एक बारीक शीळ आहे, पुढच्या दातांतून येणारी. ती मी विसरून गेले होते. लहानपणी त्यावरून तिला चिडवायचे.

तबकडी मात्र नाही. यंत्र कानात असताना नाही. भाची फोनवर ओरडून विचारते, "ऐकलंस का?" नाही ऐकलं. एकदा ब्रश ऐकू आला की ती मग कधीच एकटी असणार नाही. माझी बाई जाईल. तिच्या जागी जी येईल, ती चांगलीच असेल, सगळे म्हणतात. पण माझी जाईल.

हे कोणाला समजावू? मलाच समजत नाही.

१५ नोव्हेंबर

पत्रं संपली. एकशे साठजण येऊन गेले. छत्तीसजणांचं निदान बदललं. चौकशी समितीने मला तपासणीच्या कामावर ठेवलं आहे, पण सकाळी यंत्राचे सूर ऐकून तपासणं आता दोन माणसांनी करायचं, आणि मी त्यांतली एक नसणार. योग्य आहे. हे मीच सुचवायला हवं होतं.

आज अचानक ते अडीच पानी पत्र आठवलं आणि कानांपर्यंत लाल झाले. 'माझा व्यवसायच ऐकण्याचा आहे'! माफीचं पत्र लिहायला घेतलं – 'माझ्या आधीच्या पत्रातील विधान माझ्या श्रवणदोषामुळे…' ताई म्हणाली, "आता त्यांनाही आलेख पाठव." दुसऱ्या परिच्छेदात अडकले. उद्या पूर्ण करीन.

२८ नोव्हेंबर

माफी टाकायच्या आधीच उत्तर आलं! कंपनीकडून नव्हे. कंपनी केव्हाच बंद पडली. पत्र फिरत फिरत त्या अल्बमच्या ध्वनिमुद्रकाकडे गेलं. वय त्र्याऐंशी, थरथरतं अक्षर, एकच पान. मी आठ वेळा वाचलं.

'बाई, आपलं म्हणणं खरं आहे. त्या कडव्यात ड्रमवादक नाही. दुसरं कडवं संपता संपता तो तिच्यावर चिडून उठून गेला, आणि बाकीच्यांनी हात थांबवले. मी यंत्र बंद करणार होतो. तिने मान हलवून नको म्हटलं. गाण्याचा कागद समोर स्टँडवर होता. त्यावर तळहात फिरवत ती स्वतःच स्वतःला साथ करत शेवटपर्यंत गायली. वेष्टनावर काय छापायचं ते तिनेच सांगितलं. हे आम्ही दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. ती जाऊन अकरा वर्षं झाली. चाळीस वर्षांत सगळ्यांनी तिथे ब्रश ऐकला. तिथे कुणी नाही, हे ऐकणारा कान आपला पहिलाच.'

ताईला हाक मारली. यंत्र कानात नीट बसवलं. पाचवं गाणं लावलं.

तिचा हात ऐकू आला.